एकाच हातात तलवार आणि पिस्तूल

मोटरसायकलच्या मागे दोराने बांधलेला एक माणूस वाळवंटातल्या शहराच्या रस्त्यांवरून फरफटत चालला आहे. आपण सारं त्याच्याच डोळ्यांनी पाहतो, म्हणजे फरफटतोय ते आपणच. बाजूने सरकणाऱ्या इमारतींची छपरं जपानी वळणाची आहेत, दारं मात्र अमेरिकन पश्चिमेतल्या दारूच्या गुत्त्यांची. माणसाला नाव नाही. त्याचं घराणं कापलं गेलंय आणि त्याची तलवार दुसऱ्याच्या हातात पडलीय. थोड्याच वेळात दोर तुटणार, आणि नंतरचे कित्येक तास आपण एका हाताने गोळ्या झाडणार आणि त्याच हाताने तलवारही चालवणार.

'रेड स्टील २' या व्हिडिओ गेमची ही सुरुवात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पॅरिसमधल्या स्टुडिओने हा गेम बनवला आणि मार्च २०१० मध्ये निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्रासाठी तो बाजारात आला. नेवाडाच्या वाळवंटात काल्डेरा नावाचं एक काल्पनिक शहर आहे. तिथे कुसागारी या तलवारबाज घराण्याचा पाडाव झालाय आणि जॅकल्स नावाच्या टोळीने धुमाकूळ घातलाय. घराण्यातला शेवटचा माणूस परत येतो. कथा एवढीच, आणि ती फारशी मनावर घेण्यासारखीही नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र 'सरमिसळ' असं कळवलं तेव्हा खाणं, भाषा, संगीत हे विषय आधीच वाटले गेले होते. मी सामुराई आणि काउबॉय मागून घेतले. ते दोघं एकत्र कसे आले हे सिनेमावाल्यांनी भरपूर लिहिलंय. मला वेगळीच शंका होती. पडद्यावर तलवार आणि पिस्तूल शेजारी दिसली की छान दिसतात. पण खेळणाऱ्याच्या हातात दोन्ही दिली, तर तो तलवार उपसेलच कशाला?

पणत्यांच्या उजेडात

भाचीचा नवरा पुण्यात राहतो. जुनी खेळयंत्रं जमवण्याचा त्याला नाद आहे. एक खोली त्यासाठी वेगळी ठेवलीय आणि तिथे पाहुण्यांची गादी टाकायला जागा उरलेली नाही, अशी भाचीची कायमची तक्रार. आपल्याकडे प्लेस्टेशन घरोघर पोचला तसा वी कधी पोचला नाही. याच्याकडचा वी परदेशातून परतलेल्या एका मित्राने दिलेला.

"मावशी, चपला नकोत, अनवाणी उभ्या राहा. आणि पंख्यापासून लांब," त्याने आधीच बजावलं.

मग एक अडचण निघाली. टीव्हीवर ठेवायच्या 'सेन्सर बार'ची वायर उंदराने कुरतडली होती. मला वाटलं, आता खेळ संपला. तो शांतपणे देवघरातून दोन पणत्या घेऊन आला, टीव्हीसमोर हातभर अंतरावर ठेवल्या आणि पेटवल्या. पडद्यावर निशाण उमटलं.

यात जादू काही नाही. नाव 'सेन्सर बार' असलं तरी ती पट्टी काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात, एवढंच. ओळखायचं काम हातातल्या रिमोटच्या टोकावरचा छोटा कॅमेरा करतो. त्याला दोन ठिपके दिसले की हात पडद्याच्या कुठल्या भागाकडे रोखलाय याचा हिशोब त्याला मांडता येतो. ज्योतीतूनही अवरक्त प्रकाश निघतो, म्हणून त्याचं पणत्यांवरही भागतं.

मग खेळ सुरू झाला. डाव्या हातात ननचक नावाची छोटी मूठ, तिच्यावरच्या दांडीने चालायचं. उजव्या हातात रिमोट. तर्जनीखालचं बटण दाबलं की पिस्तूल झडतं. हात फिरवला की पिस्तूल आपोआप जातं आणि तलवार येते. मध्ये शस्त्र बदलायचं म्हणून कुठलं बटण नाही की यादी नाही. बटण धरून रिमोट आडवा किंवा उभा केला की ढाल होते आणि समोरून आलेल्या गोळ्याही पात्यावर अडतात.

पहिल्या भांडणात मी हात मनगटातून हलवत होते, टीव्हीचा रिमोट दाखवावा तसा. समोरचा गुंड हलला नाही. "खांद्यातून मारा," जावई म्हणाला. खांद्यातून मारल्यावर त्याचं चिलखत फुटलं. वार किती मोठा आणि किती जोराचा याला या गेममध्ये खरंच किंमत आहे. सुस्त हात सुस्तच वार करतो.

मध्येच एक तिजोरी आली. ती उघडण्यासाठी रिमोट कानाला लावायचा आणि हळूहळू फिरवायचा. रिमोटमध्येच एक छोटा स्पीकर असतो, त्यातून कुलपाचा खटका ऐकू येतो. पडद्याकडे न बघता, पणत्यांच्या उजेडात, कानाला प्लास्टिकची कांडी लावून मी एक तिजोरी फोडली. मारामारीपेक्षा मला ते जास्त आवडलं, हे सांगून टाकते.

मनगटाला कळतं, यंत्राला कळत नाही

या गेमची खरी गोष्ट २००६ पासून सुरू होते. त्या वर्षाच्या शेवटी वी बाजारात आला आणि त्याच्याबरोबरच पहिला 'रेड स्टील'. त्यात पश्चिमेतलं वाळवंट नव्हतं. लॉस एंजेलिस, टोकियो, याकुझा टोळ्या आणि पळवून नेलेली वाग्दत्त वधू असा सगळा मामला होता. पण लोकांनी तो घेतला तो एका आशेने: आपण हात जसा फिरवू तशी पडद्यावरची तलवार फिरेल.

ती फिरली नाही. खेळाडू काहीही करो, यंत्र त्यातून ठरावीक चारदोन वारांपैकी एक ओळखायचं आणि तयार चित्र दाखवायचं. लोक चिडले, आणि ते चिडणं रास्त होतं.

त्याचं कारण रिमोटच्या आत होतं. पहिल्या रिमोटमध्ये गती मोजायला एकच साधन होतं, त्वरणमापक. हात स्थिर असेल तर गुरुत्वाकर्षणावरून त्याला खाली कुठे ते कळतं आणि त्यावरून रिमोट किती कललाय तेही. हात जोरात हलला की मात्र गुरुत्वाकर्षण आणि हाताचा झटका यांची बेरीज त्याच्याकडे येते. त्यात कुणाचा वाटा किती, हे त्याला वेगळं काढता येत नाही. आणि रिमोट जमिनीला समांतर धरून डावी-उजवीकडे वळवला, तर गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलतच नाही. मग ते वळण ओळखायला त्याच्यापाशी काही खूणच उरत नाही. पट्टीच्या दिव्यांचा आधार असतो, पण कॅमेऱ्याचं तोंड पडद्याकडे असेल तोवरच. तलवार उगारताना रिमोटचं तोंड आढ्याकडे जातं.

जुलै २००८ मध्ये निन्टेन्डोने यावर उतारा जाहीर केला आणि २००९ मध्ये तो दुकानात आला. रिमोटच्या बुडाला लावायचा एक ठोकळा, 'मोशनप्लस'. त्यात जायरोस्कोप होते. कुठल्या अक्षाभोवती किती वेगाने वळलो, हे ते सांगतात. वेगांची बेरीज करत गेलं की हात आता कुठल्या कोनात आहे ते निघतं. यातही मेख आहे. दर क्षणी बारीकशी चूक होते आणि चुकांचीही बेरीज होत जाते, त्यामुळे काही वेळाने पडद्यावरची तलवार आणि हातातला रिमोट यांची फारकत होऊ लागते. म्हणून खेळ मधूनमधून दुसऱ्या खुणांचा आधार घेऊन स्वतःला जाग्यावर आणतात.

'रेड स्टील २' हा मोशनप्लस असल्याशिवाय चालतच नाही. ज्या खेळाडूकडे तो ठोकळा नसेल त्याला गेम खेळताच येणार नाही, हे कंपनीने पत्करलं आणि गेमच्या एका आवृत्तीत डब्यात ठोकळाही घालून दिला. धंद्याच्या दृष्टीने हे धाडसच. वी घेतलेल्या कोट्यवधी लोकांपैकी बहुतेकांनी तो घरच्यांबरोबर टेनिस आणि बोलिंग खेळण्यासाठी घेतला होता. जास्तीचा ठोकळा लावून तलवार चालवायला उत्सुक असलेले त्यात थोडेच.

आणखी एक मनगटाची गोष्ट. वी आल्यावर महिन्याभरातच रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की निन्टेन्डोने जाड दोरीचे सुमारे ३२ लाख नवे पट्टे बदलून द्यायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी रबरी आवरणंही फुकट वाटली. तलवारीच्या खेळासाठी ही तयारी आधीच झाली होती म्हणायची.

शेजारी होते, भेटले नाहीत

काउबॉय आणि सामुराई हे दोन वेगळ्या युगांचे, असं आपल्याला वाटतं. सामुराई कुठल्या तरी धूसर मध्ययुगातला, काउबॉय आगगाडीच्या काळातला. तारखा लावल्या की हे कोसळतं.

कोल्ट कंपनीचं ते प्रसिद्ध सहाबारी रिव्हॉल्व्हर १८७३ चं. जपानच्या मेइजी सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी केली १८७६ मध्ये. अमेरिकेत गुरांचे तांडे हाकत नेण्याचा सुवर्णकाळ यादवीनंतरची जेमतेम वीस वर्षं, १८६६ पासून १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे काउबॉय उगवत असताना सामुराई मावळत होता, पण दोघंही एकाच वेळी हयात होते.

सामुराई अमेरिकेत आलेही. १८६० मध्ये जपानी राजदूतांचं पथक सॅन फ्रान्सिस्को, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क असं हिंडलं. कमरेला दोन-दोन तलवारी लावलेली ही माणसं बघायला रस्त्यांवर गर्दी लोटली होती. याहून विलक्षण गोष्ट कॅलिफोर्नियातल्या गोल्ड हिलची. जपानमधल्या १८६८ च्या यादवीत आइझू हे संस्थान सम्राटाच्या बाजूकडून हरलं. तिथली काही माणसं, त्यांत सामुराईही, योहान हेन्री श्नेल नावाच्या परदेशी व्यापाऱ्याबरोबर १८६९ मध्ये कॅलिफोर्नियाला आली आणि चहा आणि रेशीम पिकवायचा घाट घातला. जिथे सोनं सापडलं आणि जग धावलं त्या कोलोमापासून हे ठिकाण अगदी जवळ. पाण्याची चणचण आणि पैशाची तंगी यांनी दोन वर्षांत वसाहत मोडली. तिथल्या टेकडीवर ओकेई नावाच्या मुलीची कबर आजही आहे. १८७१ मध्ये गेली तेव्हा ती १९ वर्षांची होती.

गेमवाल्यांना मोटरसायकली, चिलखतं आणि काल्पनिक शहरं उभारावी लागतात. खऱ्या इतिहासात हरलेले सामुराई सोन्याच्या खाणींशेजारी चहाची रोपं लावत होते. यावर कुणी गेम काढत नाही, कारण चहाच्या रोपाशी मारामारी करता येत नाही.

बंदुकीच्या चार गोळ्या

सिनेमाचा भाग आटोपशीर सांगते, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. अकिरा कुरोसावा जॉन फोर्डच्या वेस्टर्नपटांचा चाहता. त्याचा 'सेव्हन सामुराई' १९५४ चा. १९६० मध्ये अमेरिकेत त्यावरून 'द मॅग्निफिसन्ट सेव्हन' झाला. 'योजिम्बो' १९६१ चा; सर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये त्यावरून 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला, तोही न विचारता. 'योजिम्बो'च्या निर्मात्या तोहो कंपनीने दावा लावला. तडजोडीत कुरोसावाच्या बाजूला जगभरच्या उत्पन्नाचे १५ टक्के आणि पूर्व आशियातल्या वितरणाचे हक्क मिळाले. १९७१ च्या 'रेड सन'मध्ये 'योजिम्बो'चा नायक मिफुने स्वतःच अमेरिकन पश्चिमेत उतरला, चार्ल्स ब्रॉन्सनच्या जोडीला. अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट द्यायची तलवार आगगाडीवरच्या दरोड्यात जाते आणि ती परत आणायची असते. चित्रीकरण मात्र स्पेनमधलं.

याच नदीचा एक फाटा आपल्याकडेही आला. 'शोले'त सामुराईंची गावराखण आहे आणि वेस्टर्नमधला आगगाडीचा दरोडाही. त्या दरोड्याचं चित्रीकरण मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ झालं होतं.

यातला एक तपशील मात्र माझ्या शंकेला थेट भिडतो. 'सेव्हन सामुराई'त सातांपैकी चौघं मरतात. चौघंही बंदुकीच्या गोळीने मरतात. डाकूंकडे बंदुका फक्त तीन, पण तलवारीने यातला एकही सामुराई पडत नाही. क्यूझो हा त्यातला सर्वांत निष्णात तलवारबाज, तोही लांबून आलेल्या गोळीने जातो. कुरोसावाने हे जाणूनबुजून केलंय. 'योजिम्बो'त तेच उलटं फिरवलंय. गळ्यात स्कार्फ घातलेल्या उनोसुकेकडे रिव्हॉल्व्हर आहे, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. शेवटच्या लढतीत मिफुने त्याच्यावर तलवार घेऊन धावत नाही. आधी सुरी फेकून त्याचा हात निकामी करतो, मग तलवार. म्हणजे गोळीला तलवारीने उत्तर द्यायचं तर मधलं अंतर कसं तरी मिटवावं लागतं, हे कुरोसावाला पक्कं माहीत होतं.

गेम बनवणाऱ्यांपुढे तोच प्रश्न, फक्त जास्त वेळा. सिनेमात शेवटची लढत एकदा होते. गेममध्ये दर दहा मिनिटांनी.

अंतराचा हिशोब

२००५ मध्ये जपानच्या अक्वायर कंपनीने प्लेस्टेशन २ साठी 'सामुराई वेस्टर्न' काढला. गोजिरो नावाचा सामुराई भावाला शोधत, आणि मारण्यासाठी, अमेरिकेच्या पश्चिमेत येतो. त्याच्याकडे पिस्तूल नाहीच. बाकी सगळ्यांकडे आहे. योग्य क्षणी बटण दाबलं की तो गोळी चुकवतो. चुकवलेल्या गोळ्यांनी एक मापक भरत जातो आणि तो भरला की काही काळ त्याचा एकेक वार जीवघेणा होतो. म्हणजे अंतर मिटवण्याचं बळ त्याला समोरच्याच्या गोळ्यांनीच मिळतं. तर्काने बघितलं तर हास्यास्पद. पण खेळताना ते पटतं, कारण गोळीबार चालू असताना पळायचं सोडून माणूस गोळ्यांकडे जायला लागतो.

'रेड स्टील २'ने प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. तिथे पिस्तूल, दुनळी, कार्बाइन सगळं आहे, पण ते दूरच्यांसाठी. जवळ आलेल्यावर गोळी झाडत बसण्यापेक्षा तलवार परवडते. चिलखत फोडायला जोराचा वार हवा, मागून येणाऱ्यासाठी वेगळा डाव, हवेत उडालेल्यासाठी वेगळा. वीस पावलांवर पिस्तूल आणि चार पावलांवर तलवार, आणि दोन्हींमध्ये हात थांबत नाही. अर्ध्या तासात मेंदू शस्त्राचा विचार करणं सोडतो आणि फक्त अंतराचा करतो. माझ्या मते हीच या गेमची कमाई.

या बाबतीत मी पुण्यातल्या एका अ‍ॅनिमेटरशी बोलले. व्हिडिओ गेमचं काम आपल्याकडे नवं नाही. युबिसॉफ्टचाच स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे आणि मुंबईत २०१८ पासून. तिने कुठे काम केलं ते लिहायचं नाही, असं आमचं ठरलंय. कॉफी घेता घेता तिने टेबलावर बिस्किटं मांडून मला गर्दीची मारामारी समजावली.

"ताई, आठ जण घेरतात ना, ते आठही जण एकदम मारत नाहीत. गेमकडे दोन-तीन टोकन असतात. ज्याला टोकन मिळेल तोच पुढे येणार. बाकीचे गोल फिरतात, ओरडतात, पाय आपटतात. टोकन परत आलं की पुढचा."

मी म्हटलं, सामुराईपटांतही एकेक जणच पुढे येतो आणि आपण हसतो.

"हसतो, पण एकदम आले तर तुम्ही खेळणारच नाही."

मग तिने वार 'लागण्या'बद्दल सांगितलं. पातं अंगाला भिडताच चित्र काही चौकटींपुरतं गोठवतात. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर एक चौकट म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. असे चार-सहा भाग सगळं थांबतं. डोळ्यांना थांबल्याचं कळत नाही, पण हाताला वजन जाणवतं. गोळीला हे करत नाहीत, तिला नुसता धक्का आणि आवाज पुरतो. म्हणून एकाच गेममध्ये तलवार जड वाटते आणि पिस्तूल हलकं. रिमोटमध्ये तर पातं नाही, पोलाद नाही, समोर हवाच आहे. त्या हवेला वजन द्यायचं काम या गोठलेल्या चौकटी करतात.

'रेड स्टील २'चे सर्जनशील दिग्दर्शक जेसन व्हॅन्डेनबर्ग पुढे 'फॉर ऑनर' घेऊन आले. २०१७ च्या त्या गेममध्ये सामुराई, युरोपीय सरदार आणि व्हायकिंग एकमेकांशी भिडतात. व्हॅन्डेनबर्ग स्वतः लांब तलवारीची युरोपीय पद्धत शिकलेले. डावीकडून, उजवीकडून, वरून अशा तीन पवित्र्यांवर त्यांनी अख्खी लढाई उभी केली. त्यात हात फिरवायचा नव्हता, साधी दांडी ढकलायची होती. हात फिरवून तलवार चालवायचं युग तोवर संपलं होतं.

उत्तरेची सरहद्द

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला 'घोस्ट ऑफ योतेई' मी तासाच्या हिशोबाने पैसे घेणाऱ्या एका गेमिंग कॅफेत पाहिला. कॉलेजची पोरं, एसी, चिकट खुर्च्या. "काकू, तुमचा नंबर लागलाय का?" असं एकाने आदराने विचारलं आणि स्वतः खुर्ची पटकावली. मला खेळायचं नव्हतंच, बघायचं होतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सकर पंच स्टुडिओचा हा गेम. सन १६०३, जागा एझो, म्हणजे आजचं होक्काइदो. नायिका अत्सू. तिच्या घरच्यांना मारणाऱ्या सहा जणांची नावं तिने कमरेच्या पट्ट्यावर लिहिलीत आणि ती एकेक खोडत निघालीय. घोडा, मोकळा माळ, डोक्यांवरची बक्षिसं, तळ ठोकून शेकोटी. पोशाख जपानी आहे, सांगाडा उघड वेस्टर्नचा. कुरोसावाच्या नावाची कृष्णधवल चित्रपद्धत आहेच, शिवाय ताकाशी मिइके या दिग्दर्शकाच्या नावाची, कॅमेरा अंगाला खेटलेला आणि चिखल-रक्त जास्त अशीही एक आहे. मिइकेने २००७ मध्ये 'सुकियाकी वेस्टर्न जँगो' काढला होता, तेव्हा निवड अस्थानी नाही.

अंतराचा प्रश्न इथे वेळेने सुटतो. बंदूक आहे, पण तोड्याची. एकदा झाडली की भरेपर्यंत समोरचा अंगावर येतो. जपानला ही बंदूक १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांकडून मिळाली. ती बनावट गोव्याच्या पोर्तुगीज शस्त्रशाळेतल्या बंदुकांच्या घडणीची होती, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. कुरोसावाच्या सामुराईंना टिपणाऱ्या बंदुकांचं कूळ असं मांडवीच्या काठापर्यंत येतं.

कॅफेतल्या मुलाला आवडत होता तो आमनेसामनेचा डाव. समोरासमोर उभं राहायचं, त्रिकोणी बटण दाबून धरायचं आणि समोरचा खरोखर वार करील त्या क्षणीच सोडायचं. तो हूल देतो. हुलीला फसून बटण सोडलं की मार खायचा. पिस्तुलाच्या द्वंद्वातला तो ताण जसाच्या तसा उचलून तलवारीला लावलाय. कॅफेत एरवी कान किटतील इतका गलका होता, या डावाला मात्र मागे उभी पोरंही गप्प व्हायची.

एझोला सरहद्द म्हणणं नुसतं चित्रपटी नाही. तिथे आइनू लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. १६०४ मध्ये तोकुगावा शोगुनांनी मात्सुमाए घराण्याला त्यांच्याशी व्यापाराची मक्तेदारी दिली. १८६९ मध्ये मेइजी सरकारने बेटाला होक्काइदो हे नाव देऊन वसाहती वसवायला सुरुवात केली, आणि सल्ल्यासाठी बोलावलं कुणाला? अमेरिकनांना. अमेरिकेचे माजी कृषी आयुक्त होरेस केप्रन १८७१ मध्ये तिथे आले. ओहायोचे एडविन डन गुरं आणि घोडे पाळायला शिकवत होते. माळावर कुरणं आखली गेली, गोठे आले, आणि आइनूंची जमीन, शिकार, भाषा हळूहळू हातची गेली. जपानी कायद्याने त्यांना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली ती २०१९ मध्ये. अमेरिकेच्या पश्चिमेत जे घडलं त्याची ही जपानी आवृत्ती होती, आणि तिचे सल्लागारही तिथूनच आलेले.

'योतेई'त आइनू माणसं आहेत, आदराने दाखवलीत. पण गोष्ट सूडाची आहे आणि सूडाला जमिनीच्या मालकीशी देणंघेणं नसतं. वेस्टर्नपटाची हीच जुनी खोड. मोकळा माळ सुंदर दिसतो, तो मोकळा कुणी केला हे विचारायचं राहतं. देखणेपणात हा गेम 'रेड स्टील २'च्या कितीतरी पुढे आहे. मारामारीच्या जातिवंत आनंदात मला तो मागे वाटला, कारण बटण धरणारा अंगठा आणि खांद्यातून फिरणारा हात यांत फरक राहतोच.

डबा टाकू नका

'रेड स्टील'चा तिसरा भाग कधी आला नाही. दुसरा भाग नंतरच्या कुठल्याही यंत्रासाठी पुन्हा निघाला नाही, आणि निघेल असं दिसत नाही. मोशनप्लसशिवाय त्याला अर्थच नाही. निन्टेन्डोने वीचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केलं. उरल्या त्या डिस्क, आणि त्या चालवायला वी किंवा त्याच्यानंतरचा वी यू. पुस्तक दुसऱ्या कागदावर छापता येतं आणि सिनेमा नव्या फितीवर उतरवता येतो. हा गेम मात्र ज्या कांडीसाठी बनला तिच्याशी बांधलेला आहे.

तेव्हा एक विनंती. परदेशातून येताना कुणी आणलेला वी तुमच्या माळ्यावर पडला असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत तो भंगारवाल्याला देऊ नका. रिमोटमधले सेल आधी काढा. वर्षानुवर्षं राहिले की ते फुटतात आणि आतले पत्रे खातात. मनगटाचा पट्टा तपासा. रिमोटच्या बुडाला चौकोनी ठोकळा लावलेला दिसला, तर तो काढून फेकू नका. तोच मोशनप्लस.

आणि खेळायला बसलात तर पंखा बंद करा.